तीन धुराडी

२ नोव्हेंबर

आधीच सांगते, शुद्धलेखनाची बोंब आहे. ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे हे मला शाळेत असतानाही कळलं नाही, आणि शाळा मी आठवीत सोडली. टाइप पण एका बोटाने करते. त्यातून ‘ल’चं बटण निघालंय, खालचं रबर दाबावं लागतं. म्हणून ज्यात ल आहे ते शब्द टाळायचे असं ठरवलं होतं, पण त्याशिवाय काही बोलताच येत नाही असं दिसतंय. कुणी वाचत असेल तर माफ करा. आणि कुणी वाचत असेल तर वाचू नका, हे माझं खाजगी आहे.

लॅपटॉप मामाचा. मामा म्हणजे आईचा भाऊ, खाली शहरात असतो. त्याने नवीन घेतला आणि हा बसने वर पाठवून दिला. आत्या म्हणाली, "बरं झालं. पोरगी तोंडाने बोलत नाही, बोटाने तरी बोलेल."

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. गावात तिला तोफ म्हणतात. तोंडावर म्हणतात, तिला आवडतं.

आता गाव. आमचं गाव इतकं उंच आहे की झाडं आमच्या आधी दमतात. म्हातारीचा गुडघा म्हणून रस्त्याला एक वळण आहे, तिथे शेवटचं झाड. त्याच्यावर गवत, दगड, वारा आणि आम्ही. त्यामुळे जळण सगळं खालून आणायचं, उन्हाळाभर, आणि ते कधीच पुरत नाही. गावचं जळण बाबांच्या ताब्यात. कुणी एक ढलपी जास्त मागितली की बाबा असं बघतात जणू त्याने किडनी मागितली.

जळण पुरत नाही म्हणून थंडी पडली की अख्खं गाव तीन घरांत राहायला जातं. थोरलं घर, मधलं घर आणि वाऱ्याकडचं घर. चुली तीनच पेटतात. बाकीची घरं बंद, त्यांच्या धुराड्यांवर दगडी फरशी ठेवायची, नाहीतर बर्फ आत पडतो. मार्च आला की परत जो तो आपल्या घरी. माझ्या मते माणसाने शोधून काढलेली ही सगळ्यात हुशार पद्धत आहे.

आई खालची. लग्न होऊन वर आली. आत्या म्हणते तिला अजून इथली हवा झेपत नाही, धाप लागते. धाप नाही लागत. उसासे टाकते. ते वेगळं.

९ नोव्हेंबर

आज डोकं फिरलंय, त्यामुळे बोट पण जोरात चालतंय.

दुपारी बस आली. ड्रायव्हरकाकांनी खाली उतरून स्टॉपच्या भिंतीवर एक नोटीस चिकटवली आणि पटकन परत गाडीत जाऊन बसले. तेव्हाच आत्याला वास आला. तिने वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग ड्रायव्हरकाकांच्या खिडकीवर थाप मारली.

प्रकार असा. मागच्या हिवाळ्यात खालच्या ऑफिसने समोरच्या कड्यावरून आमच्या गावाचे फोटो काढले आणि धूर मोजला. धूर तीन, म्हणजे घरं तीन, म्हणजे कुटुंबं तीन, बाकी गाव रिकामं. आणि तीन कुटुंबांसाठी बर्फ काढायची गाडी वर पाठवणं परवडत नाही. म्हणून पुढच्या हिवाळ्यापासून म्हातारीच्या गुडघ्याच्या वर रस्ता बंद, वीजही बंद. सगळ्यांना खाली शहरात दोन खोल्यांचं घर मिळेल. त्याआधी जानेवारीत एक माणूस स्वतः येऊन खात्री करणार.

"आम्ही रिकामे?" आत्या म्हणाली. "अरे, उंटावरून शेळ्या हाकणारे हे, यांना धूर दिसतो आणि माणूस दिसत नाही?"

"तोफबाई, मला काय माहीत, मी फक्त गाडी चालवतो."

"मग उलटी चालव आणि सांगून ये त्यांना!"

आई नोटीस दोनदा वाचून पुढे आली. तिने हळूच विचारलं, "दोन खोल्या म्हणजे, दोन्हींना दारं असतात?"

"वहिनी, खोली म्हटलं की दार आलंच."

"आतून कडी असते?"

आई अशीच आहे. घर पेटलं तरी पडदे कुठून घेतले ते विचारेल.

मी खाली राहिलेय. हॉस्टेलला, शाळेसाठी. वर्गात हजेरी घेताना माझी जीभ टाळूला चिकटायची. सर माझं नाव दोनदा घ्यायचे आणि गैरहजर लावायचे, मी समोरच्या बाकावर बसलेली असताना. पोरी मला मुकी म्हणायच्या. इथे मला कुणी मुकी म्हणत नाही. इथे मी कमी बोलते, एवढंच. मी परत खाली जाणार नाही. दोन खोल्या सोडा, राजवाडा दिला तरी नाही. हे ठळक करायचं होतं पण ते कसं करतात माहीत नाही.

१६ नोव्हेंबर

थोरल्या घरात आलो. गाद्या टाकल्या, खुंट्यांवर कोट लागले. भिंतीला खुंट्यांची रांग आहे, प्रत्येकाची ठरलेली. माझी खाली, कारण लहानपणी लावलीय. आता वाकावं लागतं पण मी बदलणार नाही.

आत्याने हुकूम काढलाय. मी गावाचा इतिहास आणि भूगोल टाइप करायचा, तो माणूस आला की त्याच्या हातात द्यायचा. जेवायच्या आधी सगळे चुलीभोवती बसले आणि आत्याने सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा दोन भाऊ मेंढ्या घेऊन वर आले, अवेळी बर्फ पडला, खाली जाता येईना. त्यांनी एकच चूल केली आणि मेंढ्यांना टेकून हिवाळा काढला. वसंतात खालचे लोक प्रेतं न्यायला आले तर हे दोघे दाढ्या वाढवून बसलेले. म्हणाले, आता नाही येत.

बाबा म्हणाले, "ताई, ते सैन्यात भरती टाळायला पळाले होते."

आमच्याबरोबर थोरल्या घरात राहणारा सुतार म्हणाला, "कसली भरती! रस्ता चुकले होते. आमच्या आजोबांनी सांगितलंय."

मी तिन्ही टाइप केले. आत्या म्हणाली, "दोन पूस."

मग आई म्हणाली, "वन्सं, त्यांच्यातल्या एकाची बायको पण होती ना बरोबर? ती काय म्हणाली?"

"कोण बायको?"

"त्या भावाची."

"ती काय म्हणणार? गारठली असेल!"

सगळे हसले. मीही. बायको टाइप करायची राहिली.

भूगोल मी स्वतः लिहिला. पूर्वेला कडा, पश्चिमेला वारा येतो ती खिंड, मध्ये आम्ही. गोठत नाही असा एक झरा. उंची: पुरेशी.

२९ नोव्हेंबर

आज माझ्या डोक्यात एक आयडिया आली आणि ती मी आत्याच्या कानात सांगितली. आत्याच्या कानात सांगणं म्हणजे लाउडस्पीकरला सांगणं. ती उठून उभीच राहिली.

"ऐका! पोरीने काय सांगितलं ऐका! त्यांना धूर मोजायचाय ना? मग देऊ की धूर! त्या दिवशी झाडून सगळी घरं उघडायची, फरश्या काढायच्या, घरोघरी चूल पेटवायची. मोजा म्हणावं!"

बाबा पांढरे पडले. "ताई, आणि जळण?"

"जळेल."

"एका दिवसात महिन्याचं जळण जाईल. आणि एका दिवसात भागणार नाही, आदल्या दिवसापासून पेटवायला लागेल."

"रस्ताच बंद झाल्यावर त्या जळणाची काय शेंदूर लावून पूजा करणार आहेस?"

सुतार म्हणाला, "घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आपल्याकडे पहिल्यांदाच खरं होईल."

मतं घेतली. बाबा सोडून सगळ्यांनी हात वर केले, वाऱ्याकडच्या घरातल्या न्हाव्याने तर आत्याकडे बघत दोन्ही. बाबांनी पण केला शेवटी, पण खांद्याच्या वर नाही. आईने केला का ते मला दिसलं नाही, ती चुलीकडे तोंड करून बटाटे सोलत होती.

७ डिसेंबर

आई रोज दुपारी आमच्या बंद घरी उंदीर बघायला जाते. कोट घालून जाते आणि बऱ्याच वेळाने येते. मी म्हटलं मी येते सोबत, तर म्हणाली नको, दोघी गेलो तर उंदीर पळतात. मग बरंच आहे की पळाले तर.

परवा ती फोनवर मामाशी बोलत होती. खालच्या घरांची चौकशी. गरम पाणी नळाला येतं का, शेजाऱ्यांचा आवाज भिंतीतून ऐकू येतो का. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, शत्रूची माहिती काढतेय. शाबास आई. तिने मला बघून फोन ठेवला, म्हणजे गुप्तच असणार.

२१ डिसेंबर

रोज थोडं थोडं जळण घराघरात नेऊन ठेवतोय. फरश्या काढायचं काम सुतार आणि मी. छपरावर चढायचं, बर्फ बाजूला करायचा, फरशी सरकवायची, वर तात्पुरती फळी. मला छपरावर आवडतं. तिथे कुणी काही विचारत नाही.

वरून गाव बघितलं आणि पहिल्यांदा वाटलं की समोरच्या कड्यावरून आम्ही खरंच रिकामे दिसत असू. पायवाटा फक्त तीन दारांना जातात. बाकीच्या दारांसमोर बर्फ सपाट. म्हणून मी खाली उतरून सगळ्या दारांपर्यंत चालत जाऊन आले. दोनदा. मुद्दाम पाय आपटत.

आज मनात येतं ते खरं लिहिते. भीती वाटतेय. आयडिया माझी आहे. फसली तर सगळ्यांचं जळण जाईल आणि गावही जाईल. कुणी मला बोलणार नाही, तेच वाईट. आत्याला विचारलं तर म्हणाली, "फसली तर फसली. न करता हरण्यापेक्षा करून हरावं. निदान एक दिवस तरी गाव गरम होईल."

१३ जानेवारी

ड्रायव्हरकाकांचा फोन आला. तो माणूस उद्या बर्फाच्या गाडीमागून येतोय. बाबांनी आज सकाळीच सगळीकडे चुली लावायला सांगितल्या. आमच्या घरची आई बघते म्हणाली. बाबा ओंडके मोजत नव्हते, हेच मला बघवत नव्हतं.

१५ जानेवारी

काल लिहायची ताकदच नव्हती. आता सगळं क्रमाने लिहिते.

सकाळ अगदी स्वच्छ होती. मी झऱ्यापाशी उभी राहून बघितलं. सगळी धुराडी चालू. सगळी! धूर सरळ वर जाऊन एकमेकांत मिसळत होता. आयुष्यात मी हिवाळ्यात असं गाव बघितलं नव्हतं. सुताराचा म्हातारा बाप दारात येऊन टोपी काढून उभा राहिला.

मग मला दिसलं, एक धुराडं गार आहे. आमचं.

मी पळत निघाले, तेवढ्यात बस आली. मोजणीवाला उतरला. मला वाटलं होतं कुणीतरी जाडजूड साहेब असेल. पोरगेलाच होता, कान लाल झालेले, पायात पावसाळी बूट. आत्या पुढे झाली, "या! बघा, किती रिकामं आहे गाव!"

तो वर बघत राहिला. म्हणाला, "वा."

पहिलं घर सुताराच्या भावाचं. तो आत गेला, चुलीकडे बघितलं, मान डोलावली. आणि मग हातमोजा काढून त्याने भिंतीवर तळवा ठेवला. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात म्हणाला, "धूर गरम आहे, पण भिंत गार आहे."

आत्या म्हणाली, "आमच्या भिंती उशिरा उठतात."

तो हसला, पण पुढे आत्याचंच घर होतं. तिथे धूर धुराड्यातून नाही, दारातून येत होता. खिडकीतून पण. आत्याने तिची फरशी मला काढू दिली नव्हती, म्हणाली माझ्या छपरावर मी चढेन, आणि चढलीच नाही. चूलही तिने त्याच सकाळी पेटवली. इतक्या धुराड्यांच्या गर्दीत सकाळी कुणाच्या लक्षात आलं नाही की तिचा धूर शेजारच्यांचाच आहे. मोजणीवाला आत गेला आणि उलटा बाहेर आला, डोळे पुसत. त्याच्यामागे आत्या आली, नाकापासून हनुवटीपर्यंत काळी.

"ही फरशी," तो खोकत म्हणाला, "हिवाळ्यात बंद घराच्या धुराड्यावर ठेवतात ना? आमच्या आजोळी ठेवायचे."

सगळे खाली बर्फाकडे बघायला लागले. आत्या पण. मी मेले असते तर बरं झालं असतं.

"मला चुली मोजायला सांगितल्यात," तो म्हणाला. "रोज पेटणाऱ्या. या कालपासूनच्या आहेत. गावाने खोटं दाखवलं असं मला लिहावं लागेल." मग त्याने आमच्या घराकडे बोट केलं. "ते एक घर तरी खरं दिसतंय. धूरच नाही."

दार ढकललं. आत आई खुर्चीवर बसली होती. कोट घालून, हात बाह्यांत घेऊन. चुलीत लाकडं रचलेली, काडेपेटी शेजारी, आणि काडी ओढलेली नाही.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आत्या ओरडली, "अगं! सगळं गाव जळण जाळतंय आणि तू?"

"माझ्या घरात खोटा धूर नको, वन्सं," आई म्हणाली. बसूनच.

मोजणीवाल्याने विचारलं, "तुम्ही इथे राहता?"

"नाही. इथे मी बसते."

"मग राहता कुठे?"

"चला," आई उठली. "चुली मोजून झाल्या असतील तर माणसं मोजायला चला."

ती त्याला थोरल्या घरात घेऊन गेली. आम्ही मागून. मला वाटलं ती आता गावाबद्दल काहीतरी चांगलं बोलेल, इतिहास वगैरे. मी टाइप केलेले कागद घेऊन तयार होते. पण आई सरळ खुंट्यांपाशी गेली आणि सुरू झाली.

"ही खुंटी माझी. लग्न झाल्यापासून. शेजारी सुताराच्या सुनेची, तिच्या कोटाचं पाणी माझ्या कोटावर गळतं. सांगून सांगून थकले. ही गादी माझी, ही यांची, आणि ही इथे सुताराच्या वडिलांची. ते पहाटे खाकरतात. तीनदा. मग थांबतात. आता झालं म्हणून आपण डोळे मिटले की चौथ्यांदा."

म्हातारा म्हणाला, "छाती भरते गं."

"भरते हो, माहितीय, काढा मीच देते ना. हा पडदा. याच्यामागे आंघोळ, याच्यामागे आजारपण, याच्यामागेच बाळंतपण. ही पोरगी याच्यामागे झाली. मी ओठ चावून पडलेली आणि पडद्याच्या अलीकडे सगळं गाव बटाटे सोलतंय, कारण जाणार कुठे? बाहेर बर्फ. कुणीतरी मध्येच विचारलं, मीठ किती टाकू. मी आतून सांगितलं."

कुणीतरी हसलं. आई नाही हसली.

"इथे भांडता येत नाही. भांडून माणूस जाणार कुठे? म्हणून भांडण मार्चपर्यंत राखून ठेवायचं. मार्चपर्यंत विसरायला होतं, मग त्याचाच राग येतो. मधल्या घरात जा, तिथेही हेच. वाऱ्याकडच्या घरात जा, तिथे हेच आणि वर वारा. चुली तीन, पण त्या चुलींभोवती कोण कोण आहे ते मला विचारा. कोण घोरतं, कोण झोपेत बडबडतं, कोण रडून झाल्यावर नाक कसं शिंकरतं. डोळे मिटून मोजून दाखवते."

आणि तिने दाखवलं. डोळे मिटून. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गादी गादीला थांबून. मोजणीवाला खाली पायरीवर बसला आणि मांडीवर कागद ठेवून लिहायला लागला. मध्येच त्याने भिंतीला हात लावला. तसाच ठेवला. ऊन होती, धुराडं तिथूनच जातं.

माझी गादी आली तेव्हा त्याने वर बघून विचारलं, "आणि तू कोण?"

माझी जीभ चिकटली. आत्याने उत्तर दिलं, काळ्या तोंडाने.

जाताना मी त्याला इतिहास-भूगोलाचे कागद दिले. त्याने घडी करून बुटात घातले. म्हणाला बूट ओले झालेत.

आईशी मी कालपासून बोलले नाही. परक्या माणसासमोर आपल्या गावाची इतकी नालस्ती! कोटाचं पाणी काय, खाकरणं काय. आणि उंदीर सापडले का ते पण सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

जळण संपत आलंय. बाबांनी हिशेब केला आणि मधलं घर आणि वाऱ्याकडचं घर पण बंद करायला लावलं. आता सगळं गाव थोरल्या घरात. एकच चूल. पाय पसरायचे तर समोरच्याला विचारावं लागतं. सुताराने दोन मजली फळ्या ठोकल्यात, मी वरच्या फळीवर. माझ्या नाकापासून छप्पर एक वीत. आत्या म्हणते तो माणूस आता फोटो काढायला आला तर म्हणेल कुटुंब एकच, आणि ते बरोबरच आहे.

थंडी भयंकर आहे. पण एकही माणूस कुरकुरला नाही. म्हणजे कुरकुरले, सगळेच, पण "खाली गेलो असतो तर" असं एकही जण म्हणाला नाही. आई फक्त म्हणाली, "खुंटीवर आता चार कोट आहेत." तिचे हात फुटलेत. मी तेल लावून दिलं. बोलले नाही, पण लावलं.

११ मार्च

जिंकलो!!!

ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवत आले. ऑफिसने निर्णय बदलला. गाव हिवाळ्यात वस्तीचं आहे, सगळीच्या सगळी कुटुंबं. रस्ता चालू राहणार, वीज राहणार. आणि पुढच्या वर्षीपासून जळणाचा एक ट्रक पाठवणार आहेत, असं त्या मोजणीवाल्याने खाली खास लिहिलं म्हणे.

आत्या स्टॉपच्या कठड्यावर चढली. "कुणामुळे? धुरामुळे! आणि धूर कुणाचा? आमच्या पोरीच्या डोक्यातला!" सगळ्यांनी माझ्या पाठीवर इतक्या थापा मारल्या की अजून दुखतेय. मला खूप बरं वाटलं. बघा, भिंती गार निघाल्या, आत्याचं घर धुराने भरलं, वर आई आमच्याबद्दल इतकं वाईटसाईट बोलली, तरी त्यांनी मान्य केलं. म्हणजे धुराचा परिणाम किती जबरदस्त झाला असेल.

आई टाळ्या वाजवत होती. मग मी पण तिच्याशी बोलायला लागले. जिंकल्यावर माणसाने मोठं मन करावं.

२४ मार्च

आई खाली चाललीय.

मामाने तिला शिवणकामाच्या कारखान्यात काम बघितलंय. राहायला त्याच्याकडे, मागची खोली. बटाटे लावायला मेमध्ये वर येईन, काढणी होईपर्यंत राहीन, आणि बर्फ पडला की परत खाली, असं तिने आज जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. खिडकीची फळी बदलायचीय असं सांगावं तसं.

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "खोलीला हीटर आहे का?" ती म्हणाली, आहे. ते म्हणाले, "मग ठीक."

ठीक?

मी तिच्या मागे आमच्या घरी गेले. ती कपडे भरत होती. मी म्हटलं, आपण रस्ता वाचवला तो कुणी खाली जाऊ नये म्हणून.

"अगं, रस्ता वाचला म्हणूनच जाता येतंय," ती म्हणाली. "बंद झाला असता तर एकदाच जायचं होतं, सगळ्यांनी, कायमचं. मग मी कुणाकडे आले असते परत? आता जाईन नि येईन."

"तुला आम्ही नको आहोत."

"मला तुम्ही हवे आहात. मला तुम्ही सगळे एकाच वेळी, सगळा वेळ नको आहात." मग तिने माझी वेणी हातात घेतली, सोडून परत घालायला लागली. "चल माझ्याबरोबर. शाळेत नको जाऊस. नुसती चल. खोली आहे, दोघी मावू."

"नाही."

मोठ्याने म्हटलं. इतक्या मोठ्याने की बाहेर सुताराचा कुत्रा भुंकला. मी कुणालाच असं कधी म्हटलं नव्हतं. आईला राग यायला हवा होता, पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. तिचे डोळे भरले होते, हसता हसता भरतात तसे.

"आता मला काळजी नाही," ती म्हणाली. यात काळजी न वाटण्यासारखं काय होतं मला समजलं नाही.

२ एप्रिल

सकाळच्या बसने गेली. मी स्टॉपवर जायचं नाही असं ठरवलं होतं, पण गेले. आत्याने तिला उकडलेले बटाटे बांधून दिले आणि म्हणाली, "खालच्या हवेत जपून, तिथे माणसाला जास्त श्वास मिळतो, सवय नसते." आई तिच्या पाया पडली तर आत्याने तिला मध्येच उचलली आणि इतकी घट्ट धरली की ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं.

बस म्हातारीच्या गुडघ्यावरून वळेपर्यंत दिसत होती. मग नाही.

आता मी आमच्या घरी आलेय. चूल पेटवलीय, बाबा छपरावर गळती बघतायत. मला रडायला येईल असं वाटलं होतं पण राग येतोय, आणि राग बरा, त्याने काम होतं. एक माणूस उतरलं म्हणून गाव रिकामं होत नाही. ती मेमध्ये येईल. नाही आली तर मी बसने जाऊन तिला घेऊन येईन, खालच्या सगळ्या माणसांच्या देखत, आणि परत वर येईन. मला कुणी खाली ठेवून दाखवावं. पुढच्या जानेवारीत परत कुणी मोजायला आलं तर खुशाल यावं. मी इथे आहे.

अरे हो. वाऱ्याकडच्या घरातल्या न्हाव्याने लग्न ठरवलंय. स्वतःचं. कुणाशी ते सांगत नाही, आणि आत्या दुपारपासून एक शब्द बोललेली नाही.